घाबरलेला कागद

आमच्या खोलीत येणारा प्रत्येक माणूस दोन गोष्टी मनाशी धरून यायचा. एक, आता आपल्याला विजेचा झटका बसणार. दोन, आपल्या मनात काय चाललंय ते कागदावर छापून येणार. पहिल्या गैरसमजापायी बायका रडायच्या, दुसऱ्यापायी नवरे.

अंधेरीच्या एका इस्पितळात मी ईईजी टेक्निशियन आहे. इस्पितळाचं नाव सांगत नाही, ते का ते पुढे कळेल. ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख. लोक त्याला डोक्याचा कार्डिओग्राम म्हणतात आणि ते फारसं चुकीचं नाही. डोक्यावर ठरलेल्या जागी पांढरा चिकट लेप लावून चकत्या बसवायच्या. मेंदूत जी अगदी बारीक वीज सतत खेळत असते ती या चकत्या पकडतात, मशिन तिला खूप मोठी करतं आणि आठ पेनं शाईने आठ रेघा काढत जातात. खालून घडीचा कागद सरकत असतो. दहा सेकंदांना एक पान. मशिन डोक्याला काहीही देत नाही, नुसतं ऐकतं. तेही कवटीच्या बाहेरून. शेजारच्या बिऱ्हाडातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसं. आरडाओरडा कळतो, कुजबुज कळत नाही.

आदल्या दिवशी केस धुऊन या, तेल लावू नका, असं चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असायचं. अर्धी मंडळी केस धुवायची आणि मग मोठ्या इस्पितळात जायचंय म्हणून छान तेल चोपडून, भांग पाडून यायची. त्यांची डोकी स्पिरिटने पुसण्यात माझी सकाळ जायची. बोरिवलीचे एक कापडदुकानदार बायकोला घेऊन आले होते. त्यांच्या डोक्याला चकत्या लावून झाल्यावर मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "साहेब, मनातलं सगळं येतं का हो यात?"

"येतं की," मी म्हणालो, "पण वाचायला घरच्यांची परवानगी लागते."

कोपऱ्यातून बायको म्हणाली, "माझी आहे."

बाईंना मी बाहेर बसवलं, तरी वीस मिनिटं तो माणूस डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत पडला होता. कपाळाला घाम. बाई जाताना मला म्हणाल्या, "काही आलं असेल तर चिठ्ठी पाठवा."

मालवणकडच्या एका आजींनी तर खुर्चीत बसायलाच नकार दिला. "झिला, माझ्या डोक्यात काय आसा ता माका ठावक आसा. तुका कित्याक व्हया?" मी त्यांना आमच्या मेट्रनबाईंच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. आजी हसल्या आणि खुर्चीत बसल्या. हे माझं खरं काम होतं. चकत्या लावायला कोणीही शिकतो. घाबरलेल्याला हसवायला मी एकटा. मेट्रनबाई, मोठ्या डॉक्टरांचा खोकला, आरे कॉलनीच्या बसमधला झोपाळू कंडक्टर, असे माझे पाच-सहा ठरलेले प्रयोग होते. इस्पितळात मला 'नाटक कंपनी' म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कानाच्या वर, कानशिलावर दोन बोटं ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली काहीतरी हललं ना? तो जबड्याचा स्नायू. माणूस घाबरला की दात आवळतो. या स्नायूची वीज मेंदूच्या विजेच्या कितीतरी पट मोठी असते. मग पेनं वेड्यासारखी खालीवर नाचतात आणि कागदावर रेघांऐवजी काळा पट्टा उमटतो. त्याखाली मेंदूचं काय चाललंय ते कोणालाही दिसत नाही. आमच्या भाषेत तो कचरा.

मला हे काम शिकवलं पाटणकरांनी. पान खाऊन रंगलेले दात आणि देवासारखे हात. ते सांगायचे, "पेशंट घाबरला की कागद थांबव. त्याला शांत कर. मग कागद सुरू कर. घाबरलेला कागद साहेबांच्या टेबलावर गेला तर पेशंट नाही, तू नापास." कागद परदेशातून यायचा, कधी महिना महिना मिळायचा नाही. त्यामुळे थांबवण्यात काटकसरही होती. जी एकदोन काळी पानं निघायची ती घडीवर फाडायची आणि पुढचा कागद पाठीमागून चिकटपट्टीने जोडायचा. माझा सांधा बोटाला लागायचा नाही. माझे कागद असे स्वच्छ असायचे की मोठे डॉक्टर शिकाऊ मुलांना दाखवायचे. म्हणायचे, बघा, रेकॉर्ड असं असतं.

ही माझी प्रौढी. आता दत्ताराम घाडी.

दत्ताराम आधी परळच्या गिरणीत माग चालवायचा. संप झाला, लांबला, गिरणी उघडलीच नाही. मग चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो पॉवर प्रेसवर लागला. डब्यांची झाकणं काढायचं काम. पत्र्याचा तुकडा हाताने साच्यात ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पेडल दाबायचं. वरून काही टनांचा ठोका येतो आणि झाकण तयार. पुन्हा हात आत. मिनिटाला किती वेळा, ते मालकाच्या मर्जीवर. हाताच्या आड येणारी एक लोखंडी जाळी मशिनला असते, पण तिच्यामुळे काम हळू होतं म्हणून ती कधीच काढून कोपऱ्यात टाकलेली.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची बायको सुलोचना होती. मी फॉर्म भरायला घेतला.

"कसला त्रास?"

"भीती वाटते," दत्ताराम म्हणाला. चाळिशीचा उंच माणूस, आवाज खाली.

"कसली? साप, विंचू, मालक?"

"कसलीच नाही."

"म्हणजे?"

"नुसतीच भीती. पोटातून वर चढत येते. अंगावर काटा येतो. असं वाटतं की हे सगळं आधी एकदा झालेलं आहे. मग मला काय होतं ते कळत नाही."

"भाऊ, हे घाबरट नाहीत," सुलोचना म्हणाली. तिला नवऱ्याचं नाव खराब होऊ द्यायचं नव्हतं. "संपात पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात यांनी. पण ती आली ना, की हे असे बघत राहतात. डोळे मोठे. हाक मारली तरी ओ नाही. तोंड चावतात, गिळतात. अर्धं मिनिट. मग म्हणतात, काय झालं?"

"आणि प्रेसवर आली तर?"

"म्हणून तर आलो," दत्ताराम म्हणाला. "दोन वेळा आली. पाय पेडलवरून काढून उभा राहिलो तेवढं आठवतं. फोरमनने रिपोर्ट केला, काम टाळतो म्हणून. मालक म्हणतो, गिरणीवाले सगळे असेच. मी म्हटलं, मला पॅकिंगला टाका. तो म्हणाला, डोक्याच्या मशिनचा कागद आण. कागदात काही निघालं तर टाकतो पॅकिंगला. नाही निघालं तर गप प्रेसवर उभं राहायचं."

हे सगळं मी फॉर्मवर लिहून घेतलं. माझ्याच अक्षरात. डोळे मोठे, तोंड चावतो, गिळतो.

मग त्याला पलंगावर निजवलं. सुलोचना बाहेर बाकावर बसली, कारण नातेवाईक आत असले की पेशंट बोलतो आणि बोलला की कागद बिघडतो. पहिली बारा-चौदा मिनिटं रेघा सुरेख आल्या. डोळे मिटा, डोळे उघडा. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. पेनांचा आवाज वाळूवरून चालल्यासारखा. मी मनातल्या मनात या कागदावर खूश होतो.

आणि तो घाबरला. डोळे एकदम मोठे झाले, डावा हात पलंगाच्या कडेला गेला, जबडा आवळला. आठही पेनं नाचायला लागली आणि कागद काळा.

माझा हात बटणाकडे कधी गेला ते मला कळलंही नाही. कागद थांबला. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि माझा प्रयोग सुरू केला. "काय घाडी, मालक दिसला की काय छतावर?" तो हसला नाही. मी कंडक्टर करून दाखवला, "पुढे सरका, पुढे सरका, आरेतल्या म्हशीसुद्धा पुढे सरकतात." तो माझ्याकडे बघत होता आणि बघत नव्हता. तोंड चावत होता. गिळत होता. मला वाटलं घसा सुकला. मी पाण्याचं भांडं भरून आणलं.

मी भांडं पुढे केलं तेव्हा त्याची नजर परत आली. "काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. जरा घाबरलात."

"मी?"

"सगळेच घाबरतात. पाणी प्या."

तो पाणी प्यायला, मान टेकली, दात सैल झाले. मी कागद सुरू केला. शेवटची पाच मिनिटं आरशासारखी आली. नंतर मधली दोन काळी पानं घडीवर फाडली, चिकटपट्टी लावली, सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं. सांधा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, फॉर्मवर सगळं लिहिलेलं असताना कळलं कसं नाही? हा प्रश्न मी स्वतःला विचारून झिजवला आहे. मला समोर काय दिसलं? घाबरलेला माणूस. तसे मी रोज सात-आठ बघत होतो. भीती हा माझ्यासाठी कामातला अडथळा होता. भीती हाच आजार असू शकतो, आणि तो दाखवायलाच हा माणूस चारकोपहून आलाय, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. दुपारी डॉक्टरांनी कागद चाळला आणि खाली लिहिलं, नॉर्मल. सुलोचनाने रिपोर्ट हातात घेतला तेव्हा मी तिला म्हणालो, "पेढे वाटा, वहिनी. काही नाही निघालं."

ती रिपोर्टकडे बघत राहिली. "काहीच नाही?" असं म्हणाली.

चार महिन्यांनी दोघं परत आले. दत्तारामच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत बांधलेलं होतं आणि त्या बांधणीत जेवढा हात असायला हवा तेवढा नव्हता. चार बोटं गेली होती. अंगठा राहिला होता. शेजारच्या मशिनवरच्या माणसाने सांगितलं होतं की घाडी समोर बघत उभा होता, तोंड चावत होता आणि हात साच्यात होता. पाय पेडलवरच होता.

या वेळी मोठे डॉक्टर स्वतः माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले. म्हणाले, "आज काहीही झालं तरी थांबवायचं नाही." झोपेचं औषध देऊन लांबलचक रेकॉर्ड करायचं ठरलं होतं. एक तास झाला असेल. तो जागा झाला, डोळे मोठे झाले, जबडा आवळला, पेनं नाचली. माझा हात उठला. डॉक्टरांनी तो धरला. कागद सरकत राहिला, काळाकुट्ट, पानंच्या पानं.

सगळं संपल्यावर डॉक्टरांनी कागद मागे घेतला आणि काळा पट्टा सुरू होण्याच्या अगदी आधीची जागा मला पेन्सिलने दाखवली. तिथे, कानशिलावरच्या दोन रेघांत, तीन सेकंद टोकदार लाटांची एक ओळ होती. करवतीच्या दातांसारखी, एकसारखी. "हे बघ," डॉक्टर म्हणाले. ते खुशीत होते, चांगली केस मिळाली की डॉक्टर खुशीत असतात. "तू ज्याला घाबरणं म्हणतोस ते इथून निघालंय."

मग त्यांनी मला समजावलं. कानाच्या पुढून सरळ आत गेलं की मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एक एक गाठ असते. अमिग्डला. घंटा वाजवणं तिचं काम. रस्त्यात दोरी पडलेली असते, आपण उडी मारून बाजूला होतो आणि मग कळतं की दोरी आहे. ती उडी या बदामाची. विचार मागाहून येतो. "याच्या बदामाजवळ फिटची जागा आहे," डॉक्टर म्हणाले. "साप नाही, दोरी नाही, तरी घंटा वाजते. आणि खरी भीती असते ती, नाटकी नाही. घाम खरा, काटा खरा."

"मग त्याला नंतर आठवत कसं नाही, सर? घाबरलेलं तर आपण जन्मभर विसरत नाही."

"बरोबर. घंटा वाजली की शेजारची जागा त्या वेळचं सगळं खोल कोरून ठेवते. परवा काय जेवलास ते तुला आठवणार नाही, पण लहानपणी कुत्रं चावलं ते त्याच्या रंगासकट आठवेल. पण याची फिट त्या शेजारच्या जागेतही पसरते. कोरणाराच तेवढा वेळ बंद. कधी सुरुवात आठवते, कधी तीही नाही." मग कागद गुंडाळत त्यांनी सहज विचारलं, "पहिल्या वेळी असं काही आलं नव्हतं ना रे?"

"नाही सर," मी म्हणालो.

विचार मागाहून आला. उत्तर आधीच देऊन झालं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन त्याचा जुना कागद काढला. परदेशी कागदाच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो. इतकी वर्षं मी तो कधी वाचला नव्हता. सत्याऐंशी. पुढचं पान नव्वद. सांधा सुंदर होता. फाडलेल्या पानांच्या पाठीवर मी बहुतेक वाणसामानाची यादी केली असेल. मी ती तशी वापरायचो.

दत्तारामला गोळ्या सुरू झाल्या आणि भीती येणं जवळजवळ थांबलं. कारखान्याने त्याला काढून टाकलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मला पॅकिंगवर परत घ्या. अंगठ्याने आणि डाव्या हाताने मी खोकी बांधू शकतो. कामगार खात्याचा एक अधिकारी चौकशीला आला, कारखान्याच्याच ऑफिसात. मला पहिला कागद घेऊन बोलावलं, कारण सगळं त्या कागदावर येऊन थांबलं होतं. मालकाचा वकील म्हणत होता की दुसऱ्या तपासणीत जे निघालं ते अपघाताच्या धक्क्याने झालं असेल. आधी हा माणूस ठणठणीत होता, तसा इस्पितळाचा रिपोर्ट आहे. आजारी नव्हता तर मग हात आत राहिला तो निष्काळजीपणामुळे. आणि निष्काळजी माणसाला परत घ्यायला मालक बांधील नाही.

अधिकाऱ्याने दत्तारामला विचारलं, "तपासणी चालू असताना तुम्हाला तो त्रास झाला होता का?"

"आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. "यांनी पाणी दिलं होतं एवढं आठवतं."

मग माझी पाळी. टेबलावर माझा कागद, गठ्ठा बांधलेला. वकिलाच्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं. खिडकीबाहेर प्रेसचा ठोका पडत होता, दर ठोक्याला टेबलावरच्या कपातला चहा थरथरायचा. अधिकाऱ्याच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. हे मला अजून इतकं लख्ख दिसतं की डॉक्टरांचा बदाम खरा असला पाहिजे.

"हे रेकॉर्ड पूर्ण आहे?"

मी गठ्ठा सोडून सत्याऐंशीव्या पानावर बोट ठेवायचं, एवढंच होतं. दोन आकडे. लहान मुलालाही कळले असते. माझ्या मनात पाटणकर आले, डॉक्टर आले, शिकाऊ मुलं आली, बघा रेकॉर्ड असं असतं. नोकरी आली. पोटातून काहीतरी वर चढत आलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची भीती घालवली होती, आणि त्यातला एकही प्रयोग मला तिथे उपयोगी पडला नाही.

"हो, पूर्ण आहे," मी म्हणालो.

"पेशंट कसा होता?"

"शांत होता."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. गठ्ठा कोणी सोडला नाही.

त्यानंतर मी आजपर्यंत एकदाही कागद थांबवलेला नाही. पेशंट ओरडो, रडो, उठून बसो. माझे कागद आता काळे असतात आणि नवीन आलेले डॉक्टर माझ्यामागे म्हणतात की म्हाताऱ्याचा हात गेला. मी पंचेचाळिशीचा आहे. म्हणू देत. दत्तारामला त्याचा काही उपयोग नाही.

चौकशी संपल्यावर मी पळायच्या बेतात होतो. फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथे दोघं उभे होते. सुलोचनाने मला हाक मारली. चहा घ्या म्हणाली, नाही म्हणू दिलं नाही. दत्तारामने डाव्या हाताने कप धरला होता.

"तुम्ही एवढ्या लांब आलात," तो मला म्हणाला. "आमच्यासाठी कोणी येत नाही."

मी चहा पीत राहिलो. तोंड भाजलं.

"भाऊ," सुलोचना म्हणाली, "आत साहेबांसमोर विचारता आलं नाही. त्या दिवशी मी बाहेर होते. यांना तर काही आठवत नाही. तुम्ही एकटेच होतात तिथे. खरं सांगा, ती आली होती का हो?"

तिथे वकील नव्हता, अधिकारी नव्हता. ती जे विचारत होती ते फक्त स्वतःसाठी विचारत होती. मी तिच्या डोळ्यांत न बघता म्हणालो, "नाही वहिनी. शांत होते अगदी."

ती नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "मग तुमचंच लक्ष नसेल हो."

"असेल," दत्ताराम म्हणाला. "माझंच लक्ष नसेल."